खानदेशातील मृदानिर्मिती आणि जीवाणू

खानदेशातील मृदानिर्मितीत जीवाणूंचा वाटा हा मृदाशास्त्र, भूशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या सीमेवरील विषय आहे. जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील काळी, मुरमाड आणि गाळाची जमीन मूळ बेसाल्ट खडकापासून कशी तयार झाली व ती कशी टिकून आहे, याचा विचार त्यात केला जातो. काळी माती म्हणजे खडकाचा चुरा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. ऊन, पाऊस व वारा खडकाचा चुरा करतात. परंतु त्या चुऱ्यातील खनिजे विरघळवून अन्नद्रव्ये मोकळी करणे, खडकात जवळजवळ नसलेला नत्र हवेतून जमिनीत आणणे आणि सुटे कण एकत्र बांधून ठेवणे ही कामे मोठ्या प्रमाणात सूक्ष्मजीवांची, विशेषतः जीवाणूंची आहेत. हिमनदी मागे सरकल्यावर उघड्या पडणाऱ्या थंड प्रदेशांत हीच प्रक्रिया अगदी आरंभापासून पाहता येते, म्हणून या विषयाचे बरेचसे मूलभूत ज्ञान तिकडून आले आहे. खानदेशात हिमनद्या नाहीत. पण उघडा पडलेला कातळ आणि त्यावर वस्ती करणारे जीवाणू यांचे नाते दोन्हीकडे सारखे आहे.

प्रदेश आणि खडक

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याची १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाली. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा व पश्चिम खानदेश म्हणजे धुळे जिल्हा. धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे यांच्या मधून तापी नदी पश्चिमेकडे वाहते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर व पांझरा या नद्या तिला येऊन मिळतात.

या प्रदेशाचा पाया दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टचा आहे. हे लाव्हाचे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाले. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, ऑजाइट व मॅग्नेटाइट ही प्रमुख खनिजे असतात. त्यांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह भरपूर मिळते. ॲपेटाइट या खनिजाच्या रूपाने थोडे स्फुरदही असते. नत्र मात्र या खडकात नसल्यातच जमा असतो. वनस्पतीला सर्वाधिक लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी एक मूळ खडकातच नाही, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

लाव्हाच्या थरांतील पोकळ्यांमध्ये झिओलाइट गटातील खनिजे व त्यांच्यासोबत ॲपोफिलाइटचे स्फटिक आढळतात. जळगाव परिसरातील खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरातील संग्राहकांकडे गेले आहेत. मातीच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. कॅल्शियमयुक्त झिओलाइट सहज विरघळतात आणि जमिनीला कॅल्शियम पुरवत राहतात. दख्खनमधील काही जमिनी दीर्घकाळ झिजूनही नापीक झाल्या नाहीत, याचे एक कारण म्हणून मृदाशास्त्रज्ञ या खनिजांकडे पाहतात.

धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत डाइकांची मोठी मालिका आहे. डाइक म्हणजे जमिनीतील फटींमध्ये शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती होत. त्या सर्वसाधारणपणे पूर्व-पश्चिम दिशेने पसरलेल्या असून काहींची लांबी कित्येक किलोमीटर आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेल्यावर त्या तटबंदीसारख्या उभ्या राहतात. एकाच शिवारात डाइकचा उघडा माथा, त्याच्या पायथ्याचा मुरूम आणि पलीकडची काळी जमीन एका दृष्टिक्षेपात दिसते. खडकापासून मातीपर्यंतच्या पायऱ्या समजून घेण्यास यापेक्षा सोयीची जागा क्वचितच मिळेल.

स्थानिक शेतकरी जमिनीचे वर्गीकरण बरड, मुरमाड, मध्यम, भारी काळी, पोयट्याची, चिबड, खारवट व चोपण अशा शब्दांनी करतात. हे शब्द बऱ्याच अंशी जमिनीचे उतारावरील स्थान दाखवतात. माथ्यावर बरड, उतारावर मुरमाड, सखल भागात भारी काळी आणि नदीकाठी पोयटा असा क्रम सामान्यपणे आढळतो. तापीच्या दोन्ही काठांवरील गाळाचा पट्टा खोल असून काही ठिकाणी त्याची जाडी शंभर मीटरहून अधिक आहे. हा गाळ जागच्या जागी तयार झालेला नाही. त्यातील कणांचे विदारण वरच्या उतारांवर झाले आणि नंतर नद्यांनी ते खाली आणले.

संकल्पनेचा इतिहास

तापी खोऱ्याच्या भूरचनेचे पहिले सविस्तर वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. काळ्या मातीला त्या काळच्या ग्रंथांत 'रेगूर' म्हणत. ती तळ्यांत वा दलदलीत साचलेली माती आहे की बेसाल्ट कुजून बनलेली, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. या वादात सूक्ष्मजीवांचा विचार जवळजवळ नव्हता. जीवाणूशास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते.

रशियन शास्त्रज्ञ वासिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये रशियातील काळ्या मातीवरील ग्रंथात मूळ खडक, हवामान, सजीव, भूरूप व काळ यांच्या एकत्रित परिणामातून माती घडते, असे मांडले. हान्स येनी यांनी १९४१ मध्ये हीच पाच कारके गणिती सूत्राच्या रूपात मांडली. मात्र 'सजीव' या शब्दातून वाचकांच्या मनात झाडे, गवत व गांडुळे येत. जीवाणू मागे राहत.

जीवाणूंचा खडकाशी थेट संबंध जोडण्याचे श्रेय मुख्यतः फ्रेंच कृषिरसायनज्ञ अशील म्युंट्स यांच्याकडे जाते. वर्षाचा मोठा भाग बर्फाखाली असलेल्या उंच पर्वतांवरील कुजलेल्या खडकांत त्यांना नायट्रीकरण करणारे जीवाणू आढळले. हे जीवाणू अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनवतात आणि ते आम्ल खडकाला आतून पोखरते, असे त्यांनी १८९० मध्ये प्रतिपादन केले. त्याच सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी नायट्रीकरण करणारे जीवाणू वेगळे करून दाखवले. मार्टिनस बायजेरिंक यांनी १८८८ मध्ये द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू आणि १९०१ मध्ये जमिनीत स्वतंत्रपणे नत्र स्थिर करणारा ॲझोटोबॅक्टर वेगळा केला. अशा रीतीने जीवाणू माती घडवतात ही कल्पना प्रथम थंड पर्वतांत रुजली आणि नंतर उष्ण प्रदेशांतील मातीला लागू झाली.

हिमनद्यांच्या प्रदेशातील प्रक्रिया

हिमनदी वितळून मागे सरकते तेव्हा तिच्या पुढ्यात खरडलेला कातळ, दगडगोटे व बारीक पिठासारखा खडकचुरा उघडा पडतो. त्यात ना बीज असते, ना मूळ, ना कुजलेला पाला. हिमनदीपासून जितके दूर जावे तितकी जमीन जुनी. म्हणून काही किलोमीटर चालत गेल्यास शंभर-दोनशे वर्षांचा मृदानिर्मितीचा क्रम डोळ्यांसमोर येतो. अलास्कातील ग्लेशियर बे येथे विल्यम कूपर यांनी १९१६ पासून अशा क्रमाचा अभ्यास केला. त्यांचे लक्ष वनस्पतींवर होते. वनस्पतींच्या आधीच्या टप्प्यावर प्रकाश पडला तो पुढे, जनुकीय पद्धती उपलब्ध झाल्यावर.

पेरू देशात समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटर उंचीवरील पुका हिमनदीच्या पुढ्यातील जमिनीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे बर्फ हटल्यानंतर पहिल्या चार-पाच वर्षांतच, कोणतीही वनस्पती उगवण्यापूर्वी, सायनोबॅक्टेरियांची विविधता व नत्र स्थिरीकरण वाढल्याचे आढळले. स्वित्झर्लंडमधील डामा हिमनदीच्या पुढ्यातून वेगळे केलेल्या जीवाणूंवरील संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील काही प्रकारांनी ऑक्झॅलिक आम्ल स्रवून ग्रॅनाइटच्या चुऱ्यातील खनिजे विरघळवली. थंडीमुळे या प्रदेशांत प्रत्येक टप्पा संथ असतो आणि टप्पे एकमेकांत मिसळत नाहीत. उष्ण प्रदेशात ते एकाच वेळी, एकमेकांवर चढून चालतात. म्हणून दिसत नाहीत.

महाराष्ट्रातही हिमनद्यांच्या खुणा आहेत, पण त्या खानदेशात नाहीत. चंद्रपूरजवळील इरई येथे हिमनदीने खरडलेला प्राचीन खडक व त्यावरील दगडगोट्यांचा थर आढळतो. तो गोंडवन काळातील, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा असून आजच्या मातीशी त्याचा संबंध नाही. खानदेशापुरते पाहता 'हिमनदी हटल्यानंतरची जमीन' याचे काम डोंगरउताराची धूप, खाणकाम आणि नदीची कड कोसळणे यांनी उघडा पडलेला कातळ करतो.

उघड्या कातळावरील वस्ती

धुळे जिल्ह्यात वार्षिक पाऊस साधारणपणे ५५० ते ६०० मिलिमीटर, तर जळगावात सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि उघडा काळा कातळ हवेहून कितीतरी अधिक तापतो. अशा ठिकाणी तग धरणाऱ्या जीवाला दोनच गोष्टी साधाव्या लागतात: आठ महिने वाळून पडणे आणि पाऊस पडताच काही तासांत जागे होणे.

सायनोबॅक्टेरिया हे जीवाणू यासाठी प्रसिद्ध आहेत. मराठीत त्यांना नील-हरित शैवाल म्हणण्याची प्रथा आहे, पण ते शैवाल नव्हेत. ते प्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न स्वतः बनवतात. नॉस्टॉक व सायटोनेमा यांसारखे काही प्रकार हवेतील नत्रही स्थिर करतात. पावसाळ्यात मुरमाड माळावर व पायवाटेच्या कडेला दिसणारे हिरवट-तपकिरी, जेलीसारखे निसरडे गोळे बहुधा नॉस्टॉकचे असतात. ऊन पडले की ते वाळून काळ्या पापुद्र्यासारखे होतात. मेल्यासारखे दिसले तरी ते मेलेले नसतात.

अशा जीवाणूंचे तंतू आणि त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ मुरमाच्या सुट्या कणांना बांधतात. त्यातून जमिनीवर काही मिलिमीटर जाडीचा जिवंत पापुद्रा तयार होतो. शास्त्रीय लेखनात त्याला जैविक मृदाकवच म्हणतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल किंवा सायनोबॅक्टेरिया यांचे सहजीवन. तेही अशा जागी वस्ती करते. मसाल्यातील दगडफूल याच गटातले असले, तरी बाजारात येणारे बहुतेक दगडफूल झाडांच्या सालीवरचे असते, हे त्याच्या नावावरून वाटणार नाही.

हे कवच नाजूक असते. जनावरांच्या खुरांनी वा वाहनांच्या चाकांनी ते एकदा मोडले की पुन्हा बसण्यास वर्षे लागतात. चराईच्या माळांवरील हलक्या जमिनीची धूप केवळ गवत संपल्यामुळे होते असे मानले जाते. गवताच्या मधल्या मोकळ्या जागेत जमीन धरून ठेवणारा हा पापुद्रा फुटतो, हे कारण सहसा मोजले जात नाही.

खनिजांचे विदारण

जीवाणू खडकाला चार प्रकारे विरघळवतात. पहिला प्रकार सर्वांत साधा आहे. जीवाणूंच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो मातीतील पाण्यात मिसळून कार्बनिक आम्ल होते. मातीतील हवेत या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असते. त्यामुळे पावसाचे पाणी मातीतून झिरपताना अधिक आम्लधर्मी होते आणि फेल्डस्पारवर त्याचा परिणाम वाढतो.

दुसरा प्रकार सेंद्रिय आम्लांचा आहे. स्युडोमोनास व बॅसिलस गटातील अनेक जीवाणू ग्लुकॉनिक, सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल स्रवतात. ही आम्ले कॅल्शियमला धरून ठेवतात आणि ॲपेटाइटमधील स्फुरद मोकळे होते. खानदेशातील काळी जमीन सामान्यतः अल्कधर्मी असून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. स्फुरद अशा जमिनीत कॅल्शियमशी बांधले जाऊन पिकाच्या उपयोगाबाहेर जाते. बाजारात मिळणारी स्फुरद विरघळवणारी जीवाणू खते याच गुणधर्मावर आधारलेली आहेत. एका जीवाणूभोवतीच्या अतिसूक्ष्म परिघात सामू खूप खाली जाऊ शकतो, जरी संपूर्ण शेताचा सामू तसाच राहिला तरी.

तिसरा प्रकार लोहाशी संबंधित आहे. बेसाल्टमध्ये लोह विपुल असते, परंतु चुनखडीयुक्त अल्कधर्मी जमिनीत ते न विरघळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपात अडकते. पिवळी पडणारी कोवळी पाने हे त्याचे परिचित लक्षण आहे. हे लोह मिळवण्यासाठी जीवाणू सिडरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतात. सिडरोफोर लोहाला घट्ट पकडून विरघळलेल्या स्थितीत जीवाणूकडे आणतात आणि या ओढाताणीत खनिजाचा पृष्ठभागही झिजतो. जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात सिडरोफोरवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. तेथील सुधीर चिंचोलकर यांनी अजित वर्मा यांच्यासह संपादित केलेला सूक्ष्मजीवजन्य सिडरोफोरवरील इंग्रजी ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चुनखडीच्या जमिनीच्या प्रदेशातील विद्यापीठाने लोहाचा प्रश्न हाती घ्यावा, हे स्वाभाविकच होय.

चौथा प्रकार म्युंट्स यांनी सांगितलेल्या नायट्रिक आम्लाचा. पाण्याचा निचरा चांगला असलेल्या व शेणखत पडणाऱ्या जमिनीत नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर यांचे कार्य जोमाने चालते.

या सर्वांतून निर्माण होणारे मुख्य खनिज म्हणजे स्मेक्टाइट ही फुगणारी चिकणमाती. कोरड्या हवामानात, निचरा कमी असताना बेसाल्टमधील सिलिका व मॅग्नेशियम वाहून न जाता जागीच राहतात आणि स्मेक्टाइट बनते. जीवाणू या खनिजातही बदल घडवतात. पाणी साचून प्राणवायू संपला की काही जीवाणू स्मेक्टाइटच्या रचनेतील लोहाचा श्वसनासाठी वापर करतात; तसे झाल्यावर त्या मातीचा फुगण्याचा गुण कमी होतो, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांत आढळले. शेवॅनेला जीवाणूंनी प्रयोगशाळेत स्मेक्टाइटचे इलाइट या न फुगणाऱ्या खनिजात रूपांतर केल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. चिकणमातीचा सर्वांत मोठा कण दोन मायक्रोमीटरचा व सामान्य जीवाणू एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा. दोघांचे आकारमान जवळजवळ सारखेच आहे. मातीचा कण व त्यावरचा जीव यांत सीमारेषा आखणे म्हणूनच अवघड असते.

नत्राचा प्रवेश

मूळ खडकात नत्र नसल्यामुळे खानदेशातील मातीतील नैसर्गिक नत्र जवळजवळ सर्वच हवेतून आला आहे. विजांच्या कडकडाटासह पडणाऱ्या पावसातून थोडा नत्र उतरतो, पण मोठा वाटा जीवाणूंचा आहे. हवेतील नत्राच्या रेणूचा बंध तोडणारे नायट्रोजिनेज हे विकर फक्त जीवाणू व आर्किया यांच्याकडे असते. झाडे, प्राणी व बुरशी यांपैकी कोणालाही हे काम जमत नाही.

उतारावरील बाभूळ व पळस आणि शेतातील तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम गटातील जीवाणू राहतात. कापसात तुरीच्या ओळी घेण्याची किंवा मुगाच्या पाठोपाठ रब्बी पीक घेण्याची जुनी पद्धत या जीवाणूंच्या भरवशावर उभी होती, जरी कोणी त्यांना पाहिले नव्हते. कपाशी व ज्वारीसारख्या पिकांना गाठी येत नाहीत. त्यांच्या मुळांभोवती ॲझोटोबॅक्टर व ॲझोस्पिरिलम स्वतंत्रपणे थोडा नत्र स्थिर करतात. हा नत्र गाठींतील जीवाणूंच्या मानाने अल्प असतो आणि त्यासाठी जमिनीत सेंद्रिय कर्ब असावा लागतो. सेंद्रिय कर्ब नसलेल्या जमिनीत जीवाणू खताचे पाकीट ओतून फारसा लाभ होत नाही, कारण जीवाणूंना खायला काही नसते.

उन्हाळा, भेगा आणि पहिला पाऊस

भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात रुंद व खोल भेगा पडतात. पृष्ठभागावरील बारीक माती, पालापाचोळा आणि त्यांवरील जीवाणू या भेगांत खाली पडतात. पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात आणि ते सर्व खोलवर गाडले जाते. वर्षानुवर्षे असे होत राहिल्याने माती स्वतःला वरखाली करते. म्हणून काळ्या जमिनीत वरचा व खालचा थर यांत रंगाचा फरक फारसा दिसत नाही.

मृग नक्षत्राच्या सुमारास पहिला पाऊस पडतो तेव्हा मातीतून येणारा सुवास मुख्यतः जिओस्मिन या पदार्थाचा असतो. स्ट्रेप्टोमायसिस गटातील जीवाणू तो बनवतात. गेर्बर व लेशेव्हालिये यांनी १९६५ मध्ये त्याला हे नाव दिले. सुवासापेक्षा महत्त्वाची घटना मात्र नाकाला कळत नाही. कोरड्या मातीत पाणी शिरताच वाचलेले जीवाणू मेलेल्या जीवाणूंचे अवशेष आणि सुकून मोकळे झालेले सेंद्रिय द्रव्य वेगाने खाऊ लागतात. काही दिवस कार्बन डायऑक्साइडचा व उपलब्ध नत्राचा लोट उठतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील जमिनींवरून याचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात.

उन्हाळी नांगरट करून रान तापू देण्याची खानदेशातील रीत या परिणामाशी जुळते. जमीन जितकी कडक वाळेल तितका पहिल्या पावसानंतरचा नत्राचा लोट मोठा असतो, आणि पेरणी वेळेवर झाली तर पिकाची कोवळी मुळे तो घेतात. पेरणी लांबली तर तोच नत्र पाण्याबरोबर खाली उतरतो किंवा साचलेल्या पाण्यात विनायट्रीकरण करणारे जीवाणू तो पुन्हा हवेत सोडतात. शिवाय या प्रत्येक लोटाबरोबर जमिनीतील सेंद्रिय कर्बही खर्ची पडतो. रान तापवण्याची रीत शेणखताच्या जोडीनेच पूर्वी चालत असे. शेणखत बंद झाल्यावर ती ठेवीतून खर्च करण्यासारखी ठरते.

रंग आणि घडण

काळा रंग पाहून ही माती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असावी असे वाटते. प्रत्यक्षात खानदेशातील बहुतेक काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याहून कमी असतो. स्मेक्टाइटच्या पृष्ठभागाशी घट्ट बांधलेले थोडेसे ह्यूमस हे रंगाचे एक प्रमुख कारण मानले जाते. हे ह्यूमस प्रामुख्याने सूक्ष्मजीवांच्या अवशेषांतून येते, असे अलीकडील संशोधनाचे मत आहे. पानापेक्षा पान खाणारा जीवाणू मेल्यावर अधिक काळ मातीत टिकतो, कारण त्याच्या पेशीभित्तिकेचे तुकडे चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात.

मातीची रवाळ घडण हीही जीवाणूंची कामगिरी आहे. त्यांनी स्रवलेल्या बहुशर्करा आणि बुरशीचे तंतू कणांना एकत्र बांधतात. रवाळ जमिनीत पाणी मुरते. घडण मोडलेल्या जमिनीवर पावसाचा थेंब पडताच वरचा थर चिकटून बसतो आणि पाणी वाहून जाते.

गाळाची जमीन, सिंचन आणि चोपण

रावेर, यावल व चोपडा तालुक्यांतील केळीचा पट्टा तापीच्या गाळावर आणि सातपुड्याच्या पायथ्याशी साचलेल्या भरडीवर वसला आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीच्या बागेत बारमाही ओलावा असल्याने उन्हाळ्यातील खंड पडत नाही आणि सेंद्रिय द्रव्याचे विघटन वर्षभर चालू राहते. केळीचे खुंट व पाने मोठ्या प्रमाणात निघतात. ती शेतात कुजवली तर जीवाणूंचे खाद्य परत मिळते, बांधावर जाळली तर मिळत नाही.

जास्त पाणी दिलेल्या भारी जमिनीत निचरा होत नाही, ती चिबड होते. जमिनीखालचे पाणी वर येऊन बाष्पीभवन झाले की क्षार साचतात. सोडियमचे प्रमाण वाढल्यास चिकणमातीचे कण विखुरतात व जमीन चोपण होते. पूर्णा खोऱ्यातील अशा जमिनी विदर्भात प्रसिद्ध आहेत. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते. कोरड्या हवामानात कॅल्शियम कार्बोनेटचे खडे बनतात व मातीतील कॅल्शियम त्यांत अडकते, हे सोडियम वरचढ होण्याचे एक कारण आहे. या खड्यांच्या निर्मितीतही काही जीवाणू भाग घेतात, कारण युरियाचे विघटन केल्याने त्यांच्या भोवतालचा सामू वाढतो व कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. जे जीवाणू कातळापासून कॅल्शियम सोडवतात त्यांचेच भाऊबंद ते पुन्हा दगडात बांधतात.

पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडून संपूर्ण फडात एकच पीक घेतले जाई व फडांतील पिकांची पाळी दरवर्षी बदलत असे. पाण्याचे न्याय्य वाटप हा तिचा हेतू. परंतु कोणताही फड सतत ओला राहत नसे, हा तिचा मातीच्या दृष्टीने लाभ होता.

धूप आणि मातीचा हिशेब

बेसाल्टपासून एक सेंटिमीटर माती बनण्यास शेकडो ते हजारो वर्षे लागतात. भारतातील जमिनीच्या धुपीचा बहुधा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अंदाज व्ही. व्ही. ध्रुवनारायण व राम बाबू यांनी १९८३ मध्ये दिला. त्यानुसार सरासरी वार्षिक धूप हेक्टरी १६.३५ टन आहे. साधारण घनतेच्या जमिनीत ही सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची माती होते. म्हणजे आठ वर्षांत एक सेंटिमीटर. ही देशाची सरासरी आहे. सातपुडा व अजिंठ्याच्या उघड्या उतारांना आणि तापीकाठच्या घळींना ती जशीच्या तशी लावता येत नाही, परंतु निर्मिती व ऱ्हास यांच्या वेगांतील तफावत किती मोठी आहे हे तीवरून कळते.

वाहून जाणारी माती ही सर्वांत वरची असते. जीवाणूंची संख्या तिच्यातच सर्वाधिक असते. एक ग्रॅम सुपीक मातीत ती कोट्यवधींच्या घरात असते. दहा सेंटिमीटरखालचा मुरूम उघडा पडला की खनिजे असतात, नत्र व कर्ब नसतो. बांधबंदिस्ती, सलग समतल चर व गवताचे पट्टे यांमुळे माती अडते.

महाराष्ट्र शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेतून धरणांतील गाळ काढून शेतात पसरवला जातो. हलक्या मुरमाड जमिनीवर असा गाळ टाकल्यास पाणी धरण्याची क्षमता वाढते. तळाशी बराच काळ प्राणवायूविना पडून राहिलेल्या गाळातील जीवाणूंचे स्वरूप शेतातील मातीपेक्षा वेगळे असते. गाळ पसरून उन्हात सुकू देणे, त्यात शेणखत मिसळणे आणि पहिल्या हंगामात मूग, उडीद किंवा हरभऱ्यासारखे द्विदल पीक घेणे यांमुळे शेतातील नेहमीचे जीवाणू त्यात लवकर वस्ती करतात. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळण्याऐवजी बारीक करून याच गाळात मिसळता येतात. मात्र त्यांत कर्बाच्या मानाने नत्र कमी असल्याने कुजताना जीवाणू जमिनीतील नत्र आपल्यासाठी ओढून घेतात आणि सुरुवातीचे काही आठवडे पीक पिवळे दिसू शकते.